जोडीनेच द्यावेत

"अहो, हे सगळे डावेच आहेत!"

अध्यक्षबाईंनी खोक्यातून पाचवा बूट काढला आणि टेबलावर आपटला. तोही डावाच. समोर कुबड्यांवर रेलून उभे असलेले घड्याळवाले काका जराही ओशाळले नाहीत.

"डावेच असणार," ते म्हणाले. "उजवे मी झिजवले."

शाळेच्या हॉलमध्ये सकाळपासून माणुसकीला नुसता ऊत आला होता. युद्धात होरपळणाऱ्या त्या देशासाठी अख्खी वस्ती मदत घेऊन लोटली होती. कुणी सोनेरी टिकल्यांचे पार्टीचे झगे दिले होते, कुणी पोहण्याचे कपडे. तळघरात लपलेल्या माणसाला पोहायची हुक्की आलीच तर पंचाईत नको. एका सद्गृहस्थांनी व्यायामाची सायकल आणली होती. तिला पेडल एकच होतं, पण भावना संपूर्ण होती. खोकल्याच्या औषधाच्या अकरा बाटल्या आल्या होत्या आणि त्यांची मुदत युद्ध सुरू व्हायच्या आधीच संपली होती. अध्यक्षबाईंनी सगळं हसतमुखाने घेतलं. देणाऱ्याचं मन कशाला मोडा? शिवाय ट्रक तीनला यायचा होता, आणि अर्धा भरलेला ट्रक फोटोत बरा दिसत नाही.

नाही म्हणण्यासाठी त्यांच्याजवळ एकच नियम होता. तो त्यांनी स्वतः केला होता आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लावला होता: 'बूट जोडीनेच द्यावेत, एकमेकांना बांधून.' नमुना म्हणून पाटीखाली त्यांनी आपल्या नातीचे लाल बूट टांगले होते. तळहातावर मावतील एवढुसे, नाड्यांची पक्की गाठ मारलेले. त्यांच्या शेजारी उभं राहून बाईंचे चार फोटोही काढून झाले होते.

"काका, राग मानू नका," अध्यक्षबाई आवाजात साखर घोळून म्हणाल्या. "पण तिकडचे लोक एकेक बूट घेऊन करतील काय? आपण त्यांची थट्टा मांडलीय असं वाटेल हो त्यांना."

"बाई, सातव्या वर्षी माझा पाय गेला. दुकानदार अर्धा जोड देतो होय? आई दर वर्षी पुरता जोड घ्यायची. उजवा मला, डावा कपाटात. पॉलिश मात्र दोन्हीला. ती गेल्यापासून मी करतो. बघा, एकाच्याही तळाला माती नाही." काकांनी खोकं हलकेच पुढे सरकवलं. "माझ्यामागे सून हे उकिरड्यावर टाकणार. तसं बोलूनही दाखवलंय तिने. कुणाच्या तरी पायात जाऊ देत हो एवढे."

"वन्सं, घ्या की," अध्यक्षबाईंची भावजय खोकी बांधता बांधता पुटपुटली. "एका पेडलची सायकल चालते, मग..."

"तू दोरी आवळ," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तोंड नंतर चालव."

खोकं कोपऱ्यात गेलं, फाटके पुठ्ठे आणि कागद टाकले होते तिथे. काका मात्र गेले नाहीत. कुबड्या मांडीवर घेऊन दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. ट्रक गेला की खोकं उचलून घरी न्यायचं, दुसरं काय?

तीनला ट्रक आला. त्याच्यासोबत तिकडच्या दवाखान्यात काम करणारी आपल्याकडचीच एक नर्स आली होती. काय न्यायचं ते ती ठरवणार होती. तिने फोटोसाठी थांबायला नकार दिला आणि सरळ खोकी उघडायला सुरुवात केली. झगे बाजूला. पोहण्याचे कपडे बाजूला. औषधाच्या बाटल्या बाजूला. सायकलीकडे ती बराच वेळ बघत राहिली, मग तीही बाजूला. अध्यक्षबाईंचं तोंड एवढंसं झालं. बघता बघता अर्धा हॉल नाकारलेल्या मायेने भरून गेला.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या खोक्यावर पडली. तिने आत डोकावलं आणि तिथेच फरशीवर फतकल मारून बसली. एक बूट काढला, तळ बघितला. दुसरा काढला. मग मोठ्याकडून लहानाकडे अशी ती त्यांची रांगच लावू लागली.

"अहो, ते टाकायचेत!" अध्यक्षबाई लगबगीने पुढे आल्या. "एकाचीही जोडी नाहीये त्यात. मी यांना सांगितलंही तसं."

"दिसतंय मला," नर्स म्हणाली. रांगेतला शेवटचा, सगळ्यात लहान बूट तिच्या हातात होता. "कुणाचे आहेत हे?"

काका बाकावरून उठले.

"याच्याहून लहान आहे का?" तिने त्यांना विचारलं.

"नाही, पोरी. त्याच्याआधी मला दोन्ही पाय होते."

इतके दिवस अध्यक्षबाईंच्या डोळ्यांसमोर तिकडची माणसं होती. उपाशी होती, फाटकी होती, पण झाडून सगळी दोन पायांची होती. पोरंसुद्धा. बाईंचे कान तापले. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्यांना वाटली.

त्या भिंतीपाशी गेल्या आणि नातीचे लाल बूट खाली काढले. गाठ सुटेना. भावजयीने कात्री पुढे केली. अध्यक्षबाईंनी नाड्या कापल्या आणि दोन हातांत दोन बूट घेऊन त्या नर्ससमोर उभ्या राहिल्या.

"यातला कुठला देऊ?" त्यांनी विचारलं. "डावा की उजवा?"

"दोन्ही द्या," नर्स म्हणाली. "दोन मुलींना होतील."