समझोत्याची अट

“समोर आला तर मान खाली घालायची आणि चालू पडायचं. माफी तर चुकूनही मागायची नाही. माफी म्हणजे कबुली.”

वकिलांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं आणि लंबूने ते चौदा महिने पाळलं होतं. आता मात्र बुटका हातभर अंतरावर बसला होता. कोर्टाच्या मागच्या अंगाची लहानशी खोली, मधे गोल टेबल. बुटक्याची कुबडी खुर्चीला टेकवलेली. शेजारी त्याची बायको. लंबू तिला वहिनी म्हणायचा. बुटका कामावर उंचावरून पडला, तेव्हा निष्काळजीपणाची फिर्याद तिनेच दिली होती. आज इथे जमलं नाही तर खटला उभा राहणार होता आणि लंबूला तुरुंग दिसत होता.

“इथलं बोलणं या खोलीतच राहतं,” मध्यस्थ बाई म्हणाल्या. “न्यायाधीशांच्याही कानावर जात नाही. तेव्हा मनात असेल ते बोला.”

वीस वर्षं एका फळीवर उभं राहून दोघांनी इमारती रंगवल्या होत्या. लंबू वरचं रंगवायचा, बुटका खालचं. आणि आज एकमेकांकडे बघायची चोरी.

बुटक्याची नजर बाईंच्या डोक्यामागच्या भिंतीवर खिळली होती. त्याने बराच वेळ कळ काढली.

“रंगाचा एकच हात मारलाय,” तो शेवटी पुटपुटला.

“तोही अस्तर न लावता,” लंबूच्या तोंडून निघून गेलं.

“घाई झाली असेल बिचाऱ्याला.”

बाईंनी वळून भिंत पाहिली. तिला काय झालंय ते त्यांना समजलं नाही. लंबूने पहिल्यांदाच बुटक्याकडे पाहिलं.

“मलाही झाली होती, बुटक्या.”

आणि मग तो थांबला नाही. दोरांवर टांगलेल्या त्या फळीला ते झुला म्हणत. ज्याने गाठ मारली त्याने आधी एकट्याने चढून तीनदा उड्या मारायच्या, मगच दुसऱ्याने पाय ठेवायचा, हा दोघांचा नेम. “त्या दिवशी कालवलेला रंग सुकत चालला होता. मी गाठ मारली आणि ब्रश आणायला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. चढलो नाही. माझी चूक झाली. हे मला दवाखान्याच्या दारातच सांगायचं होतं रे.”

बुटका टेबलावर बोटाने रेघा ओढत होता.

“तू चढला नव्हतास, ते मला दिसलं होतं,” तो म्हणाला. “तुझी गाठ कधी सुटली नव्हती, म्हणून मी पाय ठेवला. हे पोलिसांना सांगितलं नाही मी. हिलासुद्धा मागच्या महिन्यात सांगितलं.”

“ते ऐकल्यावर वाटलं, दोघांनाही एकाच कोठडीत टाकावं,” वहिनी म्हणाली. “बसा म्हणावं भिंती बघत.”

बाईंना हसू आलं. त्यांनी कागद पुढे ओढला. “मग समझोत्यात काय लिहायचं? तुमचं मागणं काय?”

“दवाखान्याचं ठेकेदाराने भागवलं. माझं मागणं वेगळं आहे.” वहिनी लंबूकडे वळली. “वर्षभर मी आतल्या खोल्या रंगवतेय. हात बसलाय माझा. पण घर चालायचं तर बाहेरच्या भिंती मिळायला हव्यात, आणि मला झुल्यावर कुणी उभं करत नाही. तुम्ही करा, भावजी. गाठ तुम्हीच मारायची आणि नेमाप्रमाणे आधी चढायचंही तुम्हीच.”

चौदा महिने लंबू नुसती फाटकं आणि कुंपणं रंगवत होता. स्टुलावर पाय ठेवला तरी त्याला घाम फुटायचा. घराबाहेर त्याने हे कुणालाच कळू दिलं नव्हतं.

“माझ्या गाठीवर? वहिनी, एवढे रंगारी आहेत.”

“त्या सगळ्यांना वाटतं, आपली गाठ सुटत नाही,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला तसं या जन्मात वाटणार नाही.”

लंबूने शब्द दिला. कागदावर सही केली. त्याने बाईंचे आभार मानले, वहिनीचे मानले. बुटक्याचे मानायला गेला, तर बुटक्याने कुबडीने त्याच्या पोटरीला ढोसलं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी समझोता मान्य केला आणि प्रकरण मिटवलं. “सुटलास रे बाबा,” वकील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लंबू नवा दोर मांडीवर घेऊन अर्धा तास पलंगाच्या कडेला बसून होता. बायकोने दोनदा चहा गरम करून दिला.

“नाही जमायचं गं मला,” तो म्हणाला. “जाऊन खरं सांगून टाकतो. म्हणतो, दुसरा कुणीतरी बघा.”

“त्यांना ठाऊक आहे.”

“काय?”

“तुम्ही स्टुलावरसुद्धा चढत नाही ते. समझोत्यासाठी कोर्टाचं बोलावणं आलं, त्याच्या आदल्या आठवड्यात मीच गेले होते त्यांच्याकडे. सगळं सांगितलं.”

“आणि तरीही वहिनीने हे मागितलं?”

“तरीही नाही. म्हणूनच.” तिने त्याच्या हातातली कपबशी घेतली. “मला म्हणाल्या, नुसती माफी दिली तर भावजी जन्मभर फाटकंच रंगवतील.”

थोडा वेळ लंबूला समोरचं नीट दिसेना. मग त्याने दोर खांद्यावर टाकला, दार हळूच ओढून घेतलं आणि बुटक्याच्या घराकडे चालू लागला.