रागाचा ठोका

रामकिसननं ड्रमच्या पडद्यात सुरी खुपसली आणि आडवी ओढली. चामडं नव्हतं, प्लास्टिक होतं. सुरी सर्रकन गेली. मान वर केली तर दारात त्याची लेक, मेघा. लॅबमधून ती आज लवकर आली होती.

"का फाडला?"

"या घरात डफडं नको म्हणून फाडला."

"डफडं नाही ते. माझ्या पगाराचा ड्रम आहे."

"नाव बदललं म्हणून काय झालं? माझ्या बापाचं डफडं मी या हातानं हिरीत टाकलं. त्यापायी गावाचा मार खाल्ला, गाव सोडलं. अन् तू ते हौसेनं घरात आणती व्हय?"

हे मेघानं लहानपणापासून ऐकलं होतं. पिशोरकडच्या एका खेड्यातून सतरा वर्षांचा रामकिसन शहरात आला, शिपाई म्हणून नोकरीला लागला, कारकून होऊन निवृत्त झाला. उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत पुस्तकं होती, बाबासाहेबांची तसबीर होती. वाजणारी वस्तू एकही नव्हती. मेघा तान्ही असताना त्यानं खुळखुळासुद्धा आणू दिला नव्हता.

त्या घरात दोन वर्षांपूर्वी तो अल्बम शिरला. चार केसाळ अमेरिकन पोरांनी चाळीस वर्षांमागं केलेला, थ्रॅश मेटल नावाच्या भन्नाट वेगाच्या, कर्कश संगीताचा, आठ गाण्यांचा. मेघा लॅबला जाता-येता तोच ऐकायची. जेवताना ताटाच्या कडेवर त्याचेच ठोके धरायची. एकदा तिनं इअरफोन बळंच बापाच्या कानात घातला. त्यानं तो उपटून फेकला. "कुत्री भांडल्यागत वाटतंय," तो म्हणाला.

"नीट ऐका, बाबा. चौघंही पेटलेत, पण ठोका एकाचाही चुकत नाही. आठव्या गाण्यापर्यंत कुणी नमतं घेत नाही. मला असं चिडता आलं पाहिजे."

येत्या रविवारी ती आणि तिचे मित्र तो अख्खा अल्बम वाजवणार होते, पहिल्यापासून आठव्या गाण्यापर्यंत. जाहिरात फोनवर फिरत होती. आज सकाळीच भावकीतल्या एका माणसानं रस्त्यात गाठून विचारलं होतं, "रामकिसन, पोरगी वाजवायला जाती म्हणं? फिरून तेच का?" रामकिसन तसाच घरी आला होता आणि त्यानं सुरी शोधली होती.

मेघानं फाटलेल्या पडद्यावरून बोट फिरवलं.

"तिथं दुसरा ड्रम आहे. मी वाजवणार."

"मी यीन अन् धरून खाली ओढीन."

"या. तुमचं तिकीट काढून ठेवते."

नंतरचे चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रामकिसनची बायको पारूबाई याचे निरोप तिला आणि तिचे याला सांगत राहिली.

रविवारी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून रामकिसन निघाला. हॉलच्या जिन्यातच आवाज छातीवर आदळू लागला. आत एकही खुर्ची मांडलेली नव्हती. दोन-तीनशे पोरं-पोरी घामानं थबथबून, माना झटकत उभी होती. तो कोपरांनी वाट काढत घुसला. "ओ चाचा, आगे किधर?" कुणीतरी खेकसलं. त्यानं त्याला बाजूला ढकललं आणि थेट स्टेजपाशी गेला.

गाणारा उभा होता. गिटारवाले उभे होते. त्या सगळ्यांच्या मागं, उंच चौथऱ्यावर, मेघा बसली होती. केस मोकळे, दात आवळलेले, हात दिसतच नव्हते इतके वेगात. तिला हाक मारून खाली ओढायला त्यानं हात वर केला. पण कान नको तिथं गेले. ते ठोक्यात चूक शोधू लागले. चूक सापडेना. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी सापडेना.

त्यानं मागं वळून पाहिलं. अख्खा हॉल माना उंचावून त्याच्या लेकीकडं बघत होता.

रामकिसनला बाप दिसला. लग्नाच्या मांडवाबाहेर, गळ्यात डफडं, सांजेपासून उभा. आत लोडाला टेकलेली माणसं बोटानं खूण करायची, की हात चालू. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. उभ्या-उभ्या डोळा लागायचा, तरी हात चालूच. वाजवताना बसलेला बाप त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

त्याचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "काका, बसा ना! पाय दुखतील."

रामकिसननं खुर्ची परत तिच्याकडं सरकवली.

"नाय बाई. वाजवणारी माझी लेक हाय, अन् ती बसलीय. ऐकणारानं उभंच ऱ्हायचं."