टोपीवाली बाई

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्यातले साहेब लोक घरातलं सामान लिलावात काढून विलायतेला परतू लागले. खिदिरपूरला कस्टम्समध्ये असलेले श्यामराव चिंदरकर त्या लिलावांतून खेळण्यातल्या आगगाडीचे जुने डबे गोळा करत. चाकं आणि खिडक्यांतली चित्रं पाहून डबा कुठल्या कारखान्याचा, हे ते ओळखत.

एका रविवारी दुपारी ते पत्र्याचा जर्मन डबा घेऊन तरातरा स्वयंपाकघरात आले.

"खिडकीतली टोपीवाली बाई कुठे गेली? तिच्यावरून तर मी हा डबा ओळखला होता! कशानं पुसलंस?"

कालिंदीबाईंनी विळी बाजूला सारली. "मी तुमच्या डब्यांना हातसुद्धा लावत नाही. काही झालं की माझ्यावर ढकलायचं!"

"मग काय, चित्र उठून चालायला लागलं?"

कालिंदीबाईंनी संतापून डबा हिसकावला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. "पुसलं असतं तर खाली नुसता पत्रा दिसला असता. इथे गादी रंगवलेली आहे. बघा!"

श्यामरावांनी पाहिलं. गादी होती. कुणी बराच वेळ बसून उठावं तसा तिला खळगा पडला होता.

"आणि शेजारचा पेपर वाचणारा माणूस? तो कसा नाही पुसला मी?"

तो जागेवरच होता. एरवी त्याचा चेहरा पेपरामागे असायचा. आता पेपर मांडीवर होता, आणि त्या दोघांच्या खांद्यांवरून मागे बघत तो कुणाला तरी ओळखीचं हसत होता.