सतरंजीवरचे बारा आठवडे

११ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा. गाद्या भरणाऱ्या सकलैनच्या हजेरीपत्रकावर चोवीसपैकी दोनच सह्या होत्या. चिखलीच्या फिजिओथेरपी केंद्रात तिथल्या मॅडमच्या देखरेखीखाली करायचा कमरेचा व्यायाम त्याने बारा आठवडे घरीच केला होता. आता मॅडम ऑपरेशनलाच पाठवणार, अशी त्याला धास्ती होती.

मॅडमनी त्याला वाकवले, वळवले, उठवून बसवले. "दहापैकी आठ असलेलं दुखणं दोनवर आलंय. ऑपरेशनची गरज नाही. घरी चुका कोण सुधारत होतं?"

सकलैनचा जीव भांड्यात पडला. त्याने बायकोकडे बोट दाखवले. "ही हेडमास्तरीण."

"एकट्याले लाज वाटे याइले," गौसिया म्हणाली, "म्हून मीबी बाजूले सतरंजी टाकून करत गेली." मग तिने हळूच पुस्ती जोडली, "माहीबी कंबर चार सालापासून दुखे, मॅडम. आता नाही दुखत."

सकलैन चमकला. "मले काऊन नाही सांगितलं?"

"दोघंही पडून राह्यलो असतो, तं गाद्या कोणी भरल्या असत्या?"

मॅडमनी कागदावर शेरा लिहिला: रुग्ण एक, बरे झालेले दोन.