डोंगराची आतली बाजू

नाताळचा गोठा बघून दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून सदानंद वाकला, आणि वाकलेलाच राहिला. बाळ येशूच्या डोक्यावर, कागदी डोंगराच्या गुहेत, आतून अक्षरं दिसत होती. सायक्लोस्टाइलची, फिकट, ओळी तिरक्या गेलेल्या. पँटची इस्त्री गेली खड्ड्यात! तो सरळ पालथा पडला आणि गुहेला डोळा लावला.

"सर! अहो, हा तर 'गचांडी'चा शेवटचा अंक!"

क्लेमेंट सर खुर्चीत ओशाळले. त्या अंकाची एकही प्रत उरली नाही, असं त्यांनी आत्ताच शपथेवर सांगितलं होतं. तरुणपणी चार टाळकी जमवून, शाळेच्या यंत्रावर चोरून छापलेलं ते अनियतकालिक. नाव गचांडी, आणि धरायची ती थेट देवाची. बाकीचे अंक सदानंदने रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवून मिळवले होते. या एकासाठी तो फुलपाड्याहून वसईला किती खेपा घालत होता, ते त्याच्या बायकोला विचारा. ती त्याला वेडा म्हणायची, आणि होताच तो वेडा. असली वेडी माणसं आहेत म्हणून तर असले कागद टिकतात.

"उरलेल्या प्रती आमच्या रेजिनाने खळीत भिजवल्या," सर म्हणाले. "आमचा मुलगा ॲलिस्टर, त्याच्या पहिल्या नाताळला. डोंगर करायला घरात कागद नव्हता. आता दरवर्षी तोच माळ्यावरून उतरतो." मग त्यांना सदानंदचा चेहरा दिसला आणि त्यांचा जीव विरघळला. "जा घेऊन, बाबा. ही घे सुरी. हळूच काप."

सुरी केकची होती. सदानंदने ती हातात घेतली. डोंगर बाहेरून हिरवागार रंगवलेला, आणि आत देवाला घातलेल्या शिव्या, एकही अक्षर न पुसलेल्या. तेवढ्यात रेजिनाबाई ताटल्या घेऊन आल्या. बिचारीने नकळत हे काय करून ठेवलं, असं त्याला वाटलं.

"बाई, यात काय लिहिलंय, माहीत आहे तुम्हाला?"

"म्हणजे काय! वाचूनच चिकटवलं." बाईंनी आडवं पडलेलं एक मेंढरू उभं केलं. "अक्षरं वरच्या बाजूला घेतली असती, तर रंगाखाली गेली असती. मी मुद्दाम आत घेतली."

सरांनी चमकून बायकोकडे पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मुद्दाम? का?" सदानंदने विचारलं.

"ह्यांना ज्याला बोलायचं होतं, त्याला वाचू दे म्हटलं. रागावला नाही हो तो, सदानंदभाऊ. इतकी वर्षं बघतेय, शिव्यांखाली निवांत झोपतो."

सदानंद उठला. गुडघे झटकले. सुरी अजून हातातच होती. तो टेबलापाशी गेला आणि त्याने केक कापला.