आठ की बी

"टूलच बिघडलंय," गास्तोन म्हणाला. "विकणाऱ्या कंपनीला कळवतो."

"त्यांचं उत्तर उद्या येईल," सुल्मा म्हणाली. "मला अर्धा तास दे."

गास्तोन सुल्माहून वयाने लहान, पण विभागाचा प्रमुख. तो घड्याळ बघत दारातच उभा राहिला. मॉन्टेव्हिडिओतल्या त्या दवाखान्याचा मोठा संगणक सकाळी नऊला बंद पडला होता. पडताना त्याच्या स्मृतीत जे काही होतं त्याची नक्कल, म्हणजे डम्प, त्यांच्याकडे होती. नुसतं आकड्यांचं रान. त्यात वाट सापडावी म्हणून सुल्माचा सहकारी एबेर याने सकाळीच डम्प वाचायच्या टूलमध्ये चार जागांना नावं दिली होती : रुग्णांची रांग इथे, छपाईची रांग तिथे. पण नाव मागितलं की बहुतेक वेळा पडद्यावर भलताच कचरा यायचा. कारण कळल्याशिवाय संगणक पुन्हा चालू करायची गास्तोनची हिंमत नव्हती. तळमजल्यावर नोंदी हाताने चालल्या होत्या, आणि चार वाजता संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायची होती.

सुल्माने नावांची यादी मागवली. कुठलं नाव स्मृतीतल्या कुठल्या पत्त्यावर बसवलंय, ते ती खऱ्या पत्त्यांच्या छापील कागदाशी ताडून पाहू लागली. या पत्त्यांत काही अक्षरंही आकडे म्हणूनच येतात. कागदावर बी होता, यादीत आठ. दुसऱ्या नावात तेच. तिसऱ्यातही तेच. चौथ्याच्या पत्त्यात बी नव्हताच, आणि तेवढं एकच नाव जागेवर होतं.

तिने मान वर केली. एकोणतीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा एबेर खिडकीपाशी गेला होता. कागद उजेडात धरून, कधी नाकाशी नेऊन, कधी लांब करून तो वाचत होता. हाच माणूस पूर्वी दुसऱ्याच्या टेबलावरचा डम्प उभ्या उभ्या वाचून दाखवायचा.

तिने तिन्ही पत्ते दुरुस्त केले. दहा मिनिटांत दोष सापडला. छपाईच्या रांगेचं शेपूट तिच्या डोक्यालाच जोडलं गेलं होतं आणि संगणक त्यात गोल गोल फिरत राहिला होता.

"मग टूलला झालं काय होतं?" गास्तोनने विचारलं.

"काही नाही. नावं चुकीच्या पत्त्यावर पडली होती. माझ्या हातून."

"तिच्या नाही," खिडकीजवळून एबेर म्हणाला. "ती मी टाकली होती. बी आणि आठ मला सारखेच दिसतात. मार्चपासून."

गास्तोन खिडकीपाशी गेला. "दोन मजले खाली डोळ्यांचा विभाग आहे, एबेर."

"माहीत आहे. त्यांच्या रांगा रोज मीच बघतो."

"मग गेला का नाहीत?"

"घरी बसा म्हणाले तर?"

गास्तोनने खांद्यावर हात ठेवला तेव्हा एबेरने अंग चोरलं. "आधी दाखवून या," गास्तोन म्हणाला. "घरी बसवणारा मी आहे, ते नाहीत. आणि मी बसवत नाहीये." मग तो संगणक चालू करायला सांगायला खाली गेला.

सुल्माने खुर्ची ओढून एबेरच्या टेबलाशी आणली. "बुधवारी सकाळी जायचं. मी येते बरोबर."

"मी काय लहान आहे?"

"नाहीस, म्हणून तर सांभाळून न्यावं लागेल. बस आता, अहवालात पत्ते भरायचेत. मी वाचते, तू टाइप कर. सात, एफ, तीन, बी."

"आठ?"

"बी रे. बुर्रोतला बी."

त्यांच्या देशात पोरं बी शिकतात तीच मुळी बुर्रोवरून, म्हणजे गाढवावरून. एबेर हसला नाही. त्याने बी दाबला आणि पुढच्या आकड्याची वाट बघू लागला.

"शून्य," सुल्माने वाचलं. "चार. मग..."

"गाढव?"

"गाढव," ती म्हणाली.