आमची धून

"हळू वाजवा! लोक गप्पा मारायला आलेत, तुम्हाला ऐकायला नाही," पियानोवाले मास्तर म्हणाले.

खरं तर दुपारच्या वेळी लाउंजमध्ये चिटपाखरू नव्हतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. घड्याळजीने तरी मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली. केसाएवढे स्क्रू लीलया फिरवणारी त्याची बोटं या पट्ट्यांवर पार लाकडं झाली होती.

"डाव्या हाताने नुसता ठेका धरायचा. उजव्याने सूर सांडल्यासारखे सोडायचे. आणि नजर दारावर! कोण आलं ते बघायचं आणि न थांबता त्याची धून धरायची. लाउंजमधलं निम्मं वाजवणं हेच."

"मला एकच धून हवीय."

"दुसरी शिकवतो की. याहून सोपी, याहून गोड."

"नको, मास्तर. हीच. आमची धून आहे ती." घड्याळजीने खिडकीकडे बोट दाखवलं. "ऑफिस सुटलं की बायको इथे खिडकीशी बसायची. मी दुकान बंद करून यायचो, कधी सहाला, कधी सातला. दारात पाऊल टाकलं की तुम्ही हीच वाजवायला घ्यायचात. माझ्यासाठी दुसरा ग्लास आधीच मागवलेला असायचा, तोही अर्धा संपलेला. म्हणायची, वाट बघून बघून मीच प्यायले."

मास्तरांनी पियानोवरची नसलेली धूळ पुसली. "आता कशा आहेत त्या?"

"आठ महिने झाले, तोंडातून शब्द नाही. मला ओळखतसुद्धा नाही. डॉक्टरांनी हात टेकले. एक शब्द बोलली ना मास्तर, तरी मी भरून पावलो."

मास्तरांनी पट्ट्यांवरचा त्याचा डावा हात सरळ केला. मग म्हणाले, "ठेका चुकतोय. परत."

महिनाभर तो रोज आला. दुकानात दुरुस्तीची घड्याळं तशीच पडून राहिली आणि तो काउंटरच्या काचेवर बोटं नाचवत बसायचा. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची. एकदा तर मधेच अडखळल्यावर तो पट्ट्यांवरच डोकं टेकून रडला. एवढी एक धून जमली नाही, तर त्याच्या हातात दुसरं काहीच उरलं नव्हतं.

शुश्रूषागृहाच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. ठरल्या दिवशी परिचारिकेने त्याच्या बायकोला खिडकीशी आणून बसवलं. शेजारची खुर्ची मास्तरांसाठी ठेवली होती. त्यांना चारदा आग्रह केला होता, पण ते आले नाहीत.

घड्याळजीने तळवे पँटला पुसले आणि वाजवायला घेतलं. ठेका सुटला नाही. सूर अगदी सांडल्यासारखे सुटत गेले.

बायकोची मान हलली. डोळे लुकलुकले. आठ महिने दगड झालेला चेहरा बघता बघता जागा झाला. घड्याळजीच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, पण थांबायची त्याची हिंमत होईना. त्याने तसंच वाजवत नजर तिच्याकडे वळवली.

ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे झुकली आणि घाईघाईने, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "ऊठ ना, मागच्या दाराने जा. नवरा आला."